निकम सुभेदार आणि उत्तरेची भिंत

निकम सुभेदार पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी नमस्कार नंतर केला, आधी भिंतीला गाल लावला.

आले होते ते खरं तर खोकं मागायला. आमचा नवा फ्रिज त्या दिवशी सकाळीच आला होता आणि वरच्या मजल्यावरच्या या गृहस्थांना फ्रिजचं काडीचं कौतुक नव्हतं. त्यांना त्याचं खोकं आणि आतला थर्मोकोल हवा होता. मी खोकं काढायला आतल्या खोलीत गेले, तर हे उंबऱ्यापर्यंत आले, थबकले, "येऊ का ताई?" म्हणाले आणि सरळ उत्तरेच्या भिंतीशी जाऊन, डोळे मिटून तिला गाल टेकवून उभे राहिले. सहा फूट उंची, पांढऱ्या मिशा, कोपरांना ठिगळं लावलेला फौजी स्वेटर. मला तेव्हा सहावा लागला होता आणि त्या दिवसांत मला कशानेही हसू नाहीतर रडू यायचं. त्या दिवशी हसू आलं.

त्यांनी गाल काढला, त्याला लागलेला चुना पुसला. "ही भिंत नाही," ते म्हणाले. "नुसता पडदा आहे. इथं कोण झोपतं?"

"आम्ही दोघं. फेब्रुवारीपासून तिघं."

"फेब्रुवारी," ते म्हणाले. "मग ठीक आहे. तोवर निम्मी थंडी सरेल." आणि खोकं उचलून निघून गेले. चहासुद्धा घेतला नाही.

आम्ही तेव्हा नुकतेच नोएडाला राहायला आलो होतो. त्याआधी चार वर्षं सरोजिनी नगरात, दुसऱ्याच्या सरकारी क्वार्टरमधल्या एका खोलीत काढली होती. माझा नवरा सुधीर मिनिस्ट्रीत असिस्टंट होता. गृहनिर्माण संस्थेचा हा तळमजल्यावरचा फ्लॅट मिळाला तेव्हा स्वतःचं घर झालं या आनंदात आम्ही एक गोष्ट बघितलीच नाही. आमच्या ब्लॉकला लागून आणखी एक ब्लॉक उभा राहायचा होता. तो राहिलाच नाही, कोर्टात अडकला. त्यामुळे दोन घरांच्या मध्ये यायची भिंत उघड्यावर पडली. एका विटेची, बाहेरून गिलावाही नसलेली. पलीकडे फ्लॉवरचं शेत आणि त्यापलीकडून थेट येणारं वारं. डिसेंबरात त्या भिंतीजवळची उशी सकाळी हाताला ओली लागायची.

निकम साताऱ्याकडचे. सगळी नोकरी सैन्याच्या इंजिनिअर पलटणीत झालेली, त्यातली बरीच वर्षं बर्फात. निवृत्त झाल्यावर इथल्या एका टीव्हीच्या कारखान्यात सिक्युरिटीला लागले होते. बायको गावी शेती बघायची, हे इथे एकटे. त्या वर्षांत नोएडात माणसांपेक्षा खोकी जास्त होती. बाहेरच्या कंपन्या आल्या होत्या, हप्त्यांवर काहीही मिळत होतं, घरोघरी रंगीत टीव्ही आणि वॉशिंग मशीन येत होतं आणि त्यांची टरफलं रिकाम्या प्लॉटांवर उडत होती. सुभेदार ती गोळा करायचे. त्यांच्या दोन खोल्यांपैकी एक या मालाने छतापर्यंत भरलेली. थर्मोकोल जाडीप्रमाणे लावलेला, चहाच्या पेट्यांचं प्लायवूड वेगळं, त्या पेट्यांमधला चंदेरी कागद काठीला गुंडाळून वेगळा, बारदानाच्या घड्या, आणि ठोकून सरळ केलेले जुने खिळे बिस्किटांच्या डब्यात. त्यांतून त्यांनी चौकीदाराची टपरी उबदार करून दिली होती आणि शेजारच्या ब्लॉकमधल्या एका म्हाताऱ्या सरदारजींची खोलीसुद्धा. काम झालं की फक्त एक पेला दूध घ्यायचे, तेही उभ्याने.

मात्र स्वतःच्या झोपायच्या खोलीत काय, तर एक लोखंडी कॉट, एक काळी ट्रंक आणि सताड उघडी खिडकी. ऐन थंडीत. साऱ्या इमारतीत गार खोली कुणाची, तर यांची. मी एकदा चेष्टेने म्हटलं, "काका, लोकांच्या भिंतींना स्वेटर घालता आणि आपण उघड्यावर?"

"मला बंद खोलीत झोप नाही येत ताई," ते म्हणाले आणि शेतातल्या टिटव्यांबद्दल बोलायला लागले. टिटव्यांमध्ये त्यांना काहीही रस नव्हता हे मला माहीत होतं.

मी जानेवारीत माहेरी, मिरजेला जाणार होते. पहिलं बाळंतपण, आईने तिकडे डिंक आणि खारका आणून ठेवलेल्या. तिकीट काढलेलं होतं. पण मुलगी तिकिटाच्या आधी निघाली, दीड महिना लवकर. वजन पावणेदोन किलोही नव्हतं. तिला दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं आणि डॉक्टरीणबाईंनी सुधीरला बाजूला घेऊन सांगितलं, की दहा-बारा दिवसांनी घरी नेता येईल, पण खोली दिवसरात्र उबदार राहात असेल तरच. या बाळाच्या अंगात स्वतःची ऊब धरण्याची ताकद नाही. एकदा गारठलं तर हातचं जाईल.

सुधीर घरी येऊन जिन्यातच बसला होता. सुभेदार ड्यूटीवरून परत येत होते. त्यांनी काय झालं ते विचारलं, ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "दहा दिवस म्हणजे भरपूर झाले, साहेब. किल्ली द्या."

हे सगळं मला सुधीरने दवाखान्यात रोज येऊन सांगितलेलं. सुभेदारांनी सुट्टी घेतली. पहिल्या दिवशी त्यांनी कशालाही हात लावला नाही. खिडक्या-दारं बंद करून हातात पेटती उदबत्ती घेऊन ते भिंतीकडेने अगदी हळू फिरले. जिथे धूर वाकडा होईल तिथे खडूने फुली. शेहेचाळीस फुल्या निघाल्या असं सुधीर म्हणाला, पण तो असले आकडे फुगवून सांगतो. मग त्या फटी त्यांनी कागदाचा लगदा आणि खळ घालून बुजवल्या. भिंतीवर खोक्यांच्या लाकडाच्या पट्ट्या ठोकल्या, पट्ट्यांमध्ये थर्मोकोल बसवला, पण भिंतीला चिकटवून नाही, मध्ये दोन बोटं पोकळी सोडून. त्यावर चंदेरी कागद, चकचकीत बाजू खोलीकडे. त्यावर चहाच्या पेट्यांचं प्लायवूड. खिडकीलाही आतून तशीच एक फळी करून बसवली. सुधीरच्या ऑफिसातल्या कुणीतरी फॉल्स सीलिंगमधला उरलेला काचेचा कापूस फुकट आणून दिला होता. तो सुभेदारांनी दारातूनच परत पाठवला. "हे पोरीच्या छातीत जाईल," म्हणाले.

चौथ्या दिवशी त्यांनी सुधीरला मागच्या अंगणात नेलं, थर्मोकोलचा हातभर तुकडा विटेवर ठेवला आणि काडी लावली. तो भडकला, काळा धूर सोडत वितळला आणि जळते थेंब गाळत राहिला. दोघं बघत उभे राहिले. मग सुभेदार म्हणाले, "हे तुमच्या भिंतीत आहे. आता त्या खोलीत उदबत्तीसुद्धा नाही. देवाची नाही, डासांची नाही. विजेचा हीटर मधोमध, फरशीच्या तुकड्यावर. वीज गेली तर गरम पाण्याच्या पिशव्या. विस्तव अजिबात नाही."

आणि मग त्यांनी वर, छताजवळ, भिंतीला आरपार भोक पाडलं. मूठ जाईल एवढं. सुधीर वैतागलाच. इतके दिवस फटी बुजवल्या आणि आता हे काय? सुभेदार म्हणाले, "खोलीला कपडे घालावेत, नाक झाकू नये. खाली दाराची फट राहू द्यायची, वरून हे नाक." भोकाच्या बाहेरच्या तोंडाशी त्यांनी चंदेरी कागदाची एक पट्टी लटकवली. खोली आत गरम असेल तर वर जाणारी हवा तिथून बाहेर पडणार आणि वारा नसला तरी पट्टी हलत राहणार. ती हलते आहे ना, हे ते बाहेरून येता-जाता बघणार.

त्याच दिवशी त्यांनी सुधीरला कारण सांगितलं. बारा वर्षांपूर्वी एका उंच चौकीवर त्यांनी एक बंकर असाच आतून मढवला होता. पॅराशूटचं कापड, खोकी, हाताला लागेल ते. साहेबांनी पाठ थोपटली होती, वारा शिरायला सुईएवढी जागा नाही म्हणून. दत्ता नावाचा त्यांच्याच जिल्ह्यातला एक जवान त्यात शेकोटीचा डबा घेऊन झोपला आणि उठला नाही. अंगावर जखम नाही, चेहरा शांत. कोळशाच्या धगीने बंद खोलीतली हवा विषारी होते, त्याला वास नसतो, माणसाला फक्त झोप येते. "काम फार चांगलं झालं होतं साहेब," सुभेदार म्हणाले. "म्हणून गेला."

सुधीरने हे मला सांगितलं आणि आम्ही दोघांनी मिळून ठरवलं की आईला सांगायचं नाही. आई मिरजेहून यायची होती. बाळंतिणीच्या खोलीत मरणाची गोष्ट काढायची नाही, हे माझ्या हाडीमासी खिळलेलं, तिच्या तर त्याहून जास्त. अपुऱ्या दिवसांचं पोर घरात येतंय, तिथे कुठल्या मेलेल्या जवानाचं नाव कशाला? आम्ही सुभेदारांनाही तसं सांगितलं. ते म्हणाले, "तुमचं घर आहे. पण आईंना विस्तवाचं नीट समजावा."

आम्ही समजावलं. म्हणजे, "भिंत पेट घेईल म्हणून सुभेदारांनी नाही म्हटलंय" एवढं सांगितलं. हे समजावणं नव्हे हे मला आज कळतं.

माझी आई म्हणजे आमच्या आळीतल्या निम्म्या बाळंतपणांची कर्ती बाई. तिला खोली बघून आनंद झाला, उबेला लागताच तिने पदर सैल केला. पण वर नजर गेली आणि तिचा चेहरा बदलला. "हे भोक कसलं? बाळंतिणीच्या डोक्यावर वारा?"

"वारा आत नाही येत आक्का, बाहेर जातो," सुभेदार दारातून म्हणाले.

"वाऱ्याला काय कळतं आत कुठं आणि बाहेर कुठं?"

"ह्या वाऱ्याला कळतं. मी शिकवलंय."

आई हसली नाही. त्या दिवसापासून दोघांची धुसफूस सुरू झाली. आईला आश्चर्य वाटायचं की या घरात शेक नाही, शेगडी नाही, धुरी नाही. आंघोळीनंतर बाळ-बाळंतिणीला ओवा आणि शेपांची धुरी दिल्याशिवाय अंग कसं भरणार? ती वर जाऊन सुभेदारांशी बोलून आली. ते तिला आक्का म्हणत, मान खाली घालून ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "विस्तव नाही." ती खाली येऊन मला म्हणायची, "पुरुषमाणसाने बाळंतिणीची खोली चालवलेली मी जन्मात पाहिली नव्हती." मी दोघांच्या मध्ये पडून राहिलेली. मला दोघांचाही राग यायचा. कुणाला तो सांगायची ताकद नव्हती.

सुभेदार सकाळ-दुपार घराला वळसा घालून भिंतीखाली उभे राहात. पट्टी हलताना दिसली की खिडकीच्या काचेवर बोटाने दोनदा टकटक करत आणि जात. आई आतून म्हणायची, "आला हवालदार." "सुभेदार," मी म्हणायचे. "तेच ते."

मुलीचं वजन वाढत नव्हतं. त्याचं मला वाटायचं ते भय मी कसं सांगू? सुती कपड्यात गुंडाळलेली ती माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत मावायची. दूध ओढताना मध्येच दमून झोपी जायची. आठवड्याने दवाखान्यात वजन केलं तर काटा जिथे होता तिथेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी एक आठवडा बघू. घरी परत येताना आई रिक्षात मुलीचे तळवे चोळत बसली. तिने मनात काय ठरवलं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून वीज नव्हती. बाहेर इतकं धुकं की शेत दिसेना. सुधीर ऑफिसला गेला. आईने पाणी तापवून पिशव्या भरल्या, पण तासाभरात त्या कोमट व्हायच्या. मुलीचे तळवे गार लागायला लागले. अकराच्या सुमाराला आईने आम्हा दोघींना आंघोळ घातली, मला कॉटवर झोपवलं, मुलीला माझ्या कुशीत दिलं आणि बाहेर गेली. परत आली ती हातात घमेलं घेऊन. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून तिने इस्त्रीत घालायचे पेटते कोळसे मागून आणले होते. लालभडक, धूर नसलेले.

"आई, सुभेदारांनी—"

"भिंतीपासून लांब ठेवते," ती म्हणाली. "भिंत जळेल म्हणूनच म्हणतात ना ते? खोलीच्या मधोमध ठेवते. पोर गारठतंय, मी काय बघत बसू?"

तिला आगीची भीती सांगितली होती आम्ही, दुसरी नाही. मी ती तेव्हाही सांगू शकले असते. पण मुलीचे तळवे माझ्या हातात होते आणि ते गार होते, आणि ऊब लागताच माझं तोंड मिटलं. आईने कोळशांवर ओवा टाकला. मग दाराला कडी लावली, खालच्या फटीत वाकळेची गुंडाळी सारली आणि स्टुलावर चढून वरच्या भोकात तिचं जुनं लुगडं कोंबलं. "अर्धा तास," म्हणाली. "मग काढते. त्यांना कळायचंसुद्धा नाही."

इतकं सुख मला त्या हिवाळ्यात कधीच लागलं नव्हतं. हे लिहायला मला लाज वाटते, पण तसंच होतं. हाडापर्यंत ऊब शिरली. ओव्याचा वास माहेरचा. मुलीचे तळवे गरम झाले आणि ती शांत झोपली, चुळबूळ नाही की कण्हणं नाही. आई कॉटच्या पायाशी भिंतीला टेकून बसली होती. "बघ कशी शहाण्यासारखी झोपली," ती म्हणाली. माझं डोकं जड झालं होतं, कपाळाला कुणी घट्ट फडकं बांधावं तसं. मला वाटलं, जागरणाचं असेल. झोप येत होती आणि किती दिवसांनी येत होती.

मग बाहेरच्या दारावर थापा ऐकू आल्या. मला कळलं ते सुभेदार आहेत. आईलाही कळलं. ती हळू आवाजात म्हणाली, "भोक बघायला आले असतील. थांबू देत. काढते आता." पण उठली नाही. मी तिच्याकडे पाहिलं, तिचे डोळे मिटत होते. मला वाटलं उठून सांगावं. पायांना सांगितलं, तर पाय माझे नव्हतेच. तेव्हा मला दत्ता आठवला. चेहरा शांत होता, असं सुधीर म्हणाला होता. मी मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो शांत होता.

थापा थांबल्या. माणूस निघून गेला असं वाटून मला ओरडायचं होतं. तोंडातून काही आलं नाही.

मग खिडकीची काच फुटली. पाठोपाठ आतली फळी हादरली, पुन्हा हादरली, आणि तिच्यातून लोखंडी पहारीचं टोक आत आलं. शेजारच्या बंद पडलेल्या बांधकामावरची पहार होती ती. सुभेदार स्वतःच्या हातांनी बसवलेली फळी फोडत होते. थर्मोकोलचा चुरा माझ्या अंगावर पडला. मग अख्खी फळी तुटून खाली आली आणि धुक्याची गार हवा खोलीत घुसली. गजांमागे त्यांचा चेहरा दिसला. मला नेहमी अहो-जाहो करणारा तो माणूस ओरडला, "ऊठ. रेखा, ऊठ. झोपायचं नाही. पोर उचल आणि दार उघड. उभं राहता येत नसेल तर रांगत जा."

मी रांगत गेले. मुलीला छातीशी धरून, एका हाताने. वाकळ ओढली, कडी काढली. बाहेरच्या दारापर्यंतचं अंतर पंधरा पावलांचं, ते मला अजून स्वप्नात संपत नाही. दार उघडताच त्यांनी मुलीला माझ्याकडून घेतलं, उघड्यावर नेलं, पालथी करून पाठ चोळली, तळव्यांवर बोटाने टिचक्या मारल्या. एक, दोन, तीन. ते मोजत होते. ओठ निळसर होते तिचे. सात की आठ झाल्यावर ती रडली. बारीक, मांजरीच्या पिल्लासारखी. सुभेदारांनी तिला स्वेटरच्या आत घातलं, माझ्या हातात न देता तसेच आत गेले आणि दुसऱ्या हाताने आईला काखेत धरून ओढत बाहेर आणलं.

कारखान्याच्या गाडीतून आम्हाला दवाखान्यात नेलं. दोन दिवसांनी तिघीही घरी आलो. मुलीला काही झालं नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी थोडा वेळ गेला असता तर काही खरं नव्हतं.

घरी आल्यावर आई कुणाशी बोलेना. जेवेना. सुभेदार खिडकीला नवी फळी बसवत होते. तिसऱ्या दिवशी आई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "मला शिव्या द्या," ती म्हणाली. "तुम्ही एक शब्द बोलत नाही, ते मला सोसत नाही. मी माझ्या हातांनी..." मग ती माझ्याकडे वळली. "आणि मला कुणी सांगितलं का नाही? आग लागेल एवढंच सांगितलंत. हे का नाही सांगितलं?"

सुभेदारांनी हातोडी खाली ठेवली, जमिनीवर बसले आणि तिला दत्ताची सगळी गोष्ट सांगितली, त्याच खोलीत. यावेळी शेवटपर्यंत सांगितली. दत्ताच्या आईला पत्र त्यांनीच लिहिलं होतं. खरं लिहायचा धीर झाला नाही. लेक थंडीने गेला, असं लिहिलं. महिन्याभराने तिचं उत्तर आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. तिने दत्ताला एक घोंगडी विणून पाठवली होती, मेंढरांची लोकर उशिरा मिळाली म्हणून पाठवायला वेळ झाला होता. तिने विचारलं होतं, घोंगडी वेळेवर पोचली नाही म्हणून माझा लेक गारठला का?

"पोचली होती," सुभेदार म्हणाले. "आक्का, ती अंगावर घेऊनच झोपला होता तो."

"तुम्ही काय कळवलंत तिला?"

"काही नाही. बारा वर्षं ते पत्र ट्रंकेत आहे. गाव माझ्या गावापासून वीस मैल. सुट्टीत एसटी तिथूनच जाते. मी दुसऱ्या बाजूला बसतो."

आईने विचारलं, "ती आहे अजून?"

"आहे. चौकशी ठेवतो."

"मग मी मिरजेला जाईन तेव्हा तुम्ही चला माझ्याबरोबर," आई म्हणाली. "एकट्याला नाही जमायचं तुम्हाला. मला माहीत आहे आता, कसं वाटतं ते."

मार्च संपता संपता मुलगी तीन किलोच्या वर गेली आणि आईचं तिकीट काढलं. सुभेदारांनी कारखान्यातली नोकरी सोडली, फ्लॅट रिकामा केला, खोलीभर माल चौकीदाराला देऊन टाकला. ते परत आले नाहीत. गावीच राहिले आणि काही वर्षांनी तिकडेच वारले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते निजामुद्दीन स्टेशनवर.

ऊन तापलं होतं. आई खिडकीशी बसली होती, समोरच्या बाकावर सुभेदार, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर काळी ट्रंक. ती बाकाखाली सरकवा म्हटलं तरी सरकवत नव्हते. मी मुलीला घेऊन फलाटावर उभी होते. त्यांनी तिच्याकडे नीटसं बघितलंही नाही. ते आईला विचारत होते, "आक्का, पण सुरुवात कुठून करू? दारात गेल्यावर म्हणायचं काय?"

"आधी सांगा, घोंगडी वेळेवर पोचली होती," आई म्हणाली. "आणखी काही नाही. तेवढं तिला आधी कळू दे. मग बसा, पाणी मागा, मग बाकीचं सांगा. मी शेजारी असेन."

गाडी हलली. मी हात वर केला, मुलीचाही केला. आईने पाहिलं. सुभेदारांचं लक्ष नव्हतं. ते समोर बघत बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. डबा माझ्यासमोरून पुढे गेला तेव्हा मला ऐकू आलं, ते म्हणून बघत होते, "घोंगडी पोचली होती. बाई, तुमची घोंगडी पोचली होती."